‘मोठी झाली की ठरवेल’ याने भागत नाही: दोन धर्मांच्या घरात मुलं वाढवताना

एका जोडप्याने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आई हिंदू, वडील कॅथलिक. लग्नानंतर दोघांनीही आपापला धर्म सोडलेला नाही आणि सोडायचाही नाही. मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या जन्माच्या वेळी "मोठी झाली की तिचं ती ठरवेल" एवढं म्हणून विषय बाजूला ठेवला होता. आता दुसरं बाळ येणार आहे. एका आजीला रीतसर बारसं हवंय, दुसऱ्या आजीला बाप्तिस्मा. त्यात मुलीने विचारलं, "मी आईच्या देवाची की बाबांच्या?" मुलांना आध्यात्मिक वळण लावायची दोघांचीही इच्छा आहे, पण कुणाच्या वाटेने लावायचं यावर घोडं अडलंय.

मी कुटुंब समुपदेशक आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत आंतरधर्मीय जोडपी बरीच असतात. तुमच्यासारखं "मोठी झाली की ठरवेल" म्हणणारी तर फारच. वाक्य उदार वाटतं, कुणाला दुखवत नाही, म्हणून दोघंही त्यावर चटकन राजी होतात. पण त्या वाक्याने तुमच्यातलं काहीच ठरलं नव्हतं. सहा वर्षं विषय तसाच पडून राहिला, आणि आता तो मुलीच्या तोंडून तुमच्यासमोर आला आहे.

आधी मुलीच्या प्रश्नाकडे बघू, कारण तिला आजच उत्तर हवंय. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘देव’ शब्द आला की आपण लगेच सिद्धांताच्या तयारीला लागतो. ती विचारतेय ते वेगळंच आहे. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांशी बोलून धर्माची ओळख त्यांच्या मनात कशी घडते ते तपासलं. त्याचे प्रश्न गमतीचे होते: सगळी मुलं कॅथलिक असतात का? कुत्रा किंवा मांजर कॅथलिक असू शकेल का? पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या डोक्यात धर्म, देश आणि वंश यांची सरमिसळ होती. सात ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी धर्म म्हणजे माणूस काय करतो, कुठे जातो ते. कुत्र्याला चर्चमध्ये येऊ देत नाहीत, म्हणून तो कॅथलिक नाही! धर्म म्हणजे मनात मानण्याची, समजून घेण्याची गोष्ट, हे दहा-बारा वर्षांच्या मुलांच्याच बोलण्यात येऊ लागलं.

म्हणजे तुमची मुलगी एकेश्वरवादाबद्दल विचारत नाहीये. एकीकडे गेले तर दुसरीकडचं माणूस माझं राहील का, हा तिचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर लहान आणि पक्कं असावं: "तू आमची दोघांची. आई अशी प्रार्थना करते, बाबा तशी करतात. तू दोघांजवळ बसू शकतेस. कुणाजवळ बसलीस म्हणून दुसरं कुणी रागावणार नाही." हे दोघांनी सांगावं, आणि शक्य तर एकमेकांसमोर. एकट्या आईने सांगितलं तर मूल बाबांच्या चेहऱ्याकडे बघून खात्री करून घेतंच.

आता तुमच्या दोघांचं. ‘मोठी झाल्यावर निवड’ ही कल्पना मला मान्यच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं १४वं कलम मुलाचं विचारांचं, सदसद्‌विवेकाचं आणि धर्माचं स्वातंत्र्य मान्य करतं. त्याच कलमात, मुलाची समज वाढत जाईल तशी त्याला दिशा देण्याचा आई-वडिलांचा हक्क आणि त्यांचं कर्तव्यही सांगितलं आहे. या दोन गोष्टी एकाच कलमात आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वातंत्र्य एका वाढदिवसाला अचानक हातात पडत नाही, ते वयाबरोबर थोडं थोडं येतं. जर्मनीत १९२१चा एक कायदा आहे, त्याने हे वयांत बांधून ठेवलंय: मूल १२ वर्षांचं झालं की त्याच्या मनाविरुद्ध त्याला आधीच्यापेक्षा वेगळ्या धर्माचं वळण लावता येत नाही, आणि १४ पूर्ण झाली की धर्म कुठला हे ते स्वतः ठरवतं. बहाई परंपरेत १५ हे आध्यात्मिक जाणतेपणाचं वय धरतात. तिथून पुढे श्रद्धेची जबाबदारी ज्याची त्याची. कुठेही बघा, निवडीचं वय येण्याआधी शिकण्याची दहा-बारा वर्षं गृहीत धरलेली दिसतात.

ज्या मुलाने घरात कुणाला प्रार्थना करताना पाहिलं नाही, कुणाला माफी मागताना किंवा उपकार मानताना ऐकलं नाही, त्याच्यापुढे अठराव्या वर्षी तुम्ही दोन धर्म मांडलेत तर ते कशातून निवडणार? ते खांदे उडवेल. किंवा बाहेर जो सगळ्यात ठामपणे बोलेल त्याच्या मागे जाईल. हे दुसरं मी जास्त पाहिलंय. दोन्ही बाजूंनी मोकळे असलेले आई-वडील, आणि मुलगा सोळाव्या वर्षी दोघांपेक्षाही कट्टर. घरात या विषयावर काही बोललंच गेलं नव्हतं, तेव्हा ती जागा दुसऱ्याने भरली.

त्यामुळे तुम्हाला मी "कोणता धर्म?" असं विचारत नाही. तुम्हा दोघांपैकी खरोखर कोण काय मानतं, हे मी आधी विचारते. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या जोडप्यांनाही याचं उत्तर देताना अडखळताना मी पाहते. तो रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातो तो श्रद्धेने, सवयीने की आईला वाईट वाटू नये म्हणून? ती रोज दिवा लावते, त्या क्षणी तिच्या मनात काय असतं? मुलांपर्यंत पोचतं ते हेच. तोंडदेखली भक्ती त्यांना लगेच कळते. धर्म मनापासून पाळणारा एकच असेल आणि दुसरा नुसता नावापुरता असेल, तर एका धर्माकडे झुकलेलं घर असणं यात गैर काही नाही. समसमान वाटणीचा हट्ट बहुतेक वेळा मोठ्यांच्या मानापमानातून येतो, मुलांच्या गरजेतून नाही.

यातून पुढे जे रस्ते निघतात ते मला माहीत आहेत तेवढे सांगते. एका धर्मात वाढवायचं आणि दुसऱ्याची नीट, आदराने ओळख करून द्यायची. हा रस्ता सगळ्यात सरळ, पण ज्याचा धर्म मागे राहतो त्याने मनापासून ‘हो’ म्हटलेलं असेल तरच. दोन्हींत वाढवायचं. याला मेहनत दुप्पट लागते, कारण दोघांनाही आपापलं शिकवायचं असतं, नुसते सण साजरे करून भागत नाही. कुठलाच धर्म न देता नीती आणि मनन द्यायचं. प्रामाणिक नास्तिक किंवा अज्ञेयवादी जोडप्यांना हे जमतं, पण श्रद्धाळू माणसाने केवळ भांडण टाळायला हे स्वीकारलं तर आतून कुढत राहतो. एक रस्ता मात्र मी कुणालाही सुचवत नाही, तो म्हणजे मुलं वाटून घेणं.

ही वाटणी जुनी आहे. आयर्लंडमध्ये आणि मध्य युरोपात मिश्र लग्नांत मुलगे बापाच्या पंथात आणि मुली आईच्या पंथात, असा रिवाज एके काळी होता. कागदावर न्याय्य दिसतो. पण एकाच घरात भाऊ-बहीण वेगवेगळ्या दारांनी देवाकडे जातात, आणि प्रत्येकाला कळतं की आपण आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाच्या ‘हिश्श्याचे’ आहोत. तुमच्या बाबतीत हा मोह होईल: पहिली आईकडे, दुसरं बाबांकडे. कृपा करून तिकडे वळू नका. मोठेपणी त्या दोघांनी आपण होऊन वेगळ्या वाटा धरल्या तर ती गोष्ट निराळी.

आणि वचनं. लग्नाच्या वेळी घाईत दिलेली वचनं मुलं शाळेत जायला लागली की डोकं वर काढतात. आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात फेथर्ड-ऑन-सी नावाचं गाव आहे. तिथे १९५७ मध्ये एका प्रोटेस्टंट आई आणि कॅथलिक वडिलांच्या घरातला वाद गावभर झाला. मुलं कॅथलिक म्हणून वाढवण्याचं वचन तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिच्याकडून घेतलेलं होतं. थोरली मुलगी शाळेच्या वयाची झाली, गावच्या धर्मगुरूंनी कॅथलिक शाळेचा आग्रह धरला, आणि ती दोन्ही मुलींना घेऊन गाव सोडून गेली. मग गावातल्या कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला. तो काही महिने चालला. पुढे नवरा-बायको पुन्हा एकत्र आले आणि मुलींना घरीच शिकवलं. तिथल्या बिशपांनी त्या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागायला १९९८ उजाडलं. मी हे उदाहरण जोडप्यांना सांगते ते घाबरवायला नाही. त्या दोघांचं नातं त्यातून तुटलं नाही. त्यांच्यात बोलायची राहिलेली गोष्ट दुसऱ्यांनी ठरवायला घेतली, एवढंच त्यातून बघावं.

तुमचं लग्न चर्चची परवानगी घेऊन झालं असेल तर एक गोष्ट आज रात्रीच एकमेकांना विचारा. पूर्वी कॅथलिक चर्च दोन्ही जोडीदारांकडून वचन घ्यायचं. पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये तो नियम सैल केला. १९८३च्या धर्मसंहितेप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या ग्रंथाप्रमाणे, आता फक्त कॅथलिक जोडीदार वचन देतो की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती त्या श्रद्धेत वाढावीत यासाठी मी माझ्याकडून होईल तेवढं करीन. दुसऱ्या जोडीदाराने काही कबूल करायचं नसतं, पण या वचनाची कल्पना त्याला देणं बंधनकारक आहे. असं वचन दिलं होतं का? दिलं असेल तर आज त्याचं ओझं वाटतं का? "ती एक सही होती" म्हणणारे नवरे मी पाहिलेत, आणि तेच बाळाच्या जन्माच्या वेळी अस्वस्थ होतात, कारण त्यांच्यासाठी ती नुसती सही नव्हती हे त्यांनाच तेव्हा कळतं.

आता सगळ्यात नाजूक जागेवर येते. तुमच्यासारख्या जोडीत भांडण एका ठराविक ठिकाणी होतं आणि दोघांनाही ते का झालं हे कळत नाही. हिंदू जोडीदार मोठ्या मनाने म्हणतो, "आम्हाला येशूही चालतो. एक देव वाढला तर बिघडलं काय? तूही आमच्या पूजेला बस." त्याला वाटतं आपण दोन पावलं पुढे आलो आणि समोरचा जागचा हलत नाही. पण अनेक वाटा एकाच ठिकाणी जातात, हा स्वतःच एक धार्मिक विश्वास आहे. सगळ्यांवर घालता येईल असं तटस्थ छप्पर तो नाही. दहा आज्ञांपैकी पहिलीच आज्ञा दुसरा देव मानू नका म्हणते, अशा घरात वाढलेल्या माणसाला आरतीचं तबक हातात घेणं ही गंमत वाटत नाही. उलट बाजूने, "मुलं फक्त आमच्यात आली पाहिजेत" हे ऐकताना दुसऱ्याला वाटतं की आपल्या सगळ्या पूर्वजांवर कुणी काट मारली. यात कोतं कुणीच नाही. दोघांच्या श्रद्धेचा आकारच वेगळा आहे. एकमेकांना ‘कर्मठ’ किंवा ‘वरवरचा’ अशी विशेषणं लावायच्या आधी हे समजून घेतलंत तर निम्मी कटकट कमी होईल.

हाच नियम बारसं आणि बाप्तिस्म्याला लावा. बारशाने मूल दुसऱ्या कुठल्या धर्मातून बाद होत नाही, म्हणून ते करायला सहसा अडचण नसते. त्यातल्या कोणत्या भागाला बाबा मनापासून बसू शकतात, एवढं आधी बोलून ठेवा. बाप्तिस्मा मात्र नाव ठेवण्याचा ख्रिस्ती समारंभ नव्हे. चर्चच्या दृष्टीने तो आयुष्यात एकदाच होतो, पुसता येत नाही, आणि आई-वडील त्यात मुलाला त्या श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी घेतात. धर्मसंहितेत त्यासाठी निदान एका पालकाची संमती लागते, आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी वाजवी आशा असावी लागते. म्हणून "आजीच्या समाधानासाठी उरकून टाकू, पुढे कुणाला काय करायचंय" हे मला पटत नाही. त्यात आजीचीही फसवणूक आहे आणि चर्चचीही. दोघांना हे वळण खरंच द्यायचं असेल तर करा. ठरत नसेल तर थांबा. बाप्तिस्मा पुढे कुठल्याही वयात घेता येतो, थांबल्याने ते दार बंद होत नाही. दरम्यान बाळासाठी आशीर्वादाची साधी प्रार्थना करता येईल का, असं धर्मगुरूंना मोकळेपणाने विचारा. काही प्रोटेस्टंट पंथांत तर तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करतच नाहीत, फक्त बाळाला देवाच्या हाती सोपवण्याची प्रार्थना करतात.

तुमच्यापेक्षा वेगळी जोडी असलेल्यांसाठी दोन ओळी. पारंपरिक इस्लामी कायद्यात मुस्लिम बापाचं मूल जन्मतः मुस्लिम समजलं जातं. पारंपरिक ज्यू कायद्यात मूल आईवरून ज्यू ठरतं. अमेरिकेतल्या सुधारणावादी ज्यू धर्मगुरूंनी १९८३ मध्ये आई किंवा वडील यांपैकी कुणीही एक ज्यू असलं तरी चालेल असं ठरवलं, पण मुलाने पुढे ती ओळख उघडपणे जगायला हवी अशी अट ठेवली. म्हणजे तुम्ही घरात काहीही ठरवलंत तरी त्या त्या समाजाचे स्वतःचे नियम असतात, आणि मूल त्या दारात गेल्यावर त्याला काय ऐकावं लागेल हे तुम्हाला आधी माहीत हवं. पंधरा वर्षांच्या मुलीला "तू आमच्यातली धरली जात नाहीस" हे परक्याकडून पहिल्यांदा कळणं फार वाईट असतं.

घरात बोलायचं कसं, याबद्दल माझा एकच आग्रह आहे: प्रत्येकाने आपल्या श्रद्धेबद्दल ‘मी’ने सुरू होणारं वाक्य बोलावं. "मी मानते की…", "बाबा मानतात की…". "देव असा असतो" आणि "मी देवाला असं मानतो" यांतला फरक सहा वर्षांच्या मुलाला शब्दांत सांगता येणार नाही, पण ऐकून ऐकून त्याच्या अंगवळणी पडतो. दुसऱ्याच्या धर्मातलं काही विचारलं तर "चल, बाबांना विचारू" म्हणा आणि मग तिथेच बसून ऐका. तुम्ही ऐकताय हे मुलाने बघणं, तुम्ही काय बोलता त्यापेक्षा जास्त काम करतं.

"सगळे धर्म एकच सांगतात" हे वाक्य मात्र जपून वापरा. पाच वर्षांच्या मुलाला पुरतं. नऊ-दहा वर्षांचं मूल सरळ विचारतं, "मग आई म्हणते पुन्हा जन्म होतो आणि बाबा म्हणतात होत नाही, हे एकच कसं?" तिथे गुळमुळीत उत्तर दिलंत की त्याला वाटतं, मोठ्यांना उत्तर माहीत नाही किंवा ते लपवताहेत. "या बाबतीत आमचं एकमत नाही. तरी आम्ही एकत्र राहतो, एकमेकांवर प्रेम करतो" हे सांगायला लाजू नका. आंतरधर्मीय घरात वाढलेल्या मुलाला मिळणारं हे शिक्षण दुसऱ्या घरांत सहज मिळत नाही.

मृत्यूच्या वेळी याची कसोटी लागते. आजोबा जातात आणि मूल विचारतं, "आता ते कुठे आहेत?" आधी शरीराचं खरं सांगा: त्यांचं हृदय थांबलं, त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही, ते परत येणार नाहीत. मृत्यू उलटत नाही, त्यात शरीराची सगळी कामं थांबतात आणि तो सगळ्यांना येतो, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात कळू लागतात. मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासून १९८४ मध्ये हे मांडलं. म्हणून "झोपलेत", "गावाला गेलेत" असलं सांगू नका. मूल झोपायला घाबरायला लागतं. त्यानंतर श्रद्धेचं सांगा, आणि दोघांनी आपापलं सांगा. मुलाचा गोंधळ उडेल अशी भीती बाळगू नका. मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस आणि मार्टा हिमेनेस यांनी माद्रिदमधल्या मुलांना मृत्यूच्या दोन गोष्टी सांगितल्या होत्या, एकीत डॉक्टर बोलतो आणि दुसरीत धर्मगुरू. २००५ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात, गोष्ट कुणाच्या तोंडची आहे त्याप्रमाणे मुलांची उत्तरं बदलली: डॉक्टरच्या संदर्भात ‘सगळं थांबलं’, धर्मगुरूच्या संदर्भात ‘काहीतरी चालू राहतं’. दोन चौकटी शेजारी शेजारी ठेवणं मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा सोपं जातं.

एक प्रश्न मात्र याहून अवघड आहे, आणि तो येणार हे धरून चला. कुठून तरी ऐकून मूल विचारेल, "आई बाबांच्या देवाला मानत नाही, म्हणून ती नरकात जाणार का?" याचं उत्तर ज्याच्या धर्मातून ही भीती आली त्यानेच द्यायचं. आईने "असलं काही नसतं" म्हणणं म्हणजे बाबांच्या श्रद्धेची खिल्ली, आणि बाबांनी गप्प बसणं म्हणजे होकार. बाबांनी मुलाला जवळ घेऊन सांगावं की कुणाचं काय होणार हे ठरवणं माणसाचं काम नाही, मी ज्या देवाला मानतो तो दयाळू आहे, आणि तुझ्या आईबद्दल मला अजिबात भीती वाटत नाही. हे वाक्य बाबांना खोटं न बोलता म्हणता येईल का, हा विचार त्यांनी आधी एकट्याने करून ठेवावा. गरज पडली तर आपल्या धर्मगुरूशी बोलावं. कॅथलिक चर्चने १९६०च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर इतर धर्मांतल्या लोकांबद्दल बरंच मोकळं बोलायला सुरुवात केली आहे, हे अनेक कॅथलिकांनाही नीट माहीत नसतं.

रोजच्या वळणाचं म्हणाल तर त्याला कुठल्याच धर्माची परवानगी लागत नाही. झोपण्याआधी दोन मिनिटं शांत बसणं, आज कुणाचे आभार मानायचे आणि कुणाची माफी मागायची ते बोलणं, आजारी माणसासाठी मनात काही मागणं. त्याच्या शेवटी एक दिवस आईची प्रार्थना, एक दिवस बाबांची. दोन्ही पूर्ण, मूळ शब्दांत. दोन्हींची खिचडी करून तिसरंच काही बनवू नका, ते कुणाचंच राहत नाही. सणांबद्दल फार बोलत नाही, ते तुम्ही करतच असाल. फक्त धर्म म्हणजे भेटवस्तू आणि नवे कपडे एवढंच मुलांच्या मनात राहत नाही ना, ते बघा.

आज्यांशी ज्याने त्याने आपल्या आईशी बोलावं. सुनेने सासूला आणि जावयाने सासूला समजवायला गेलं की श्रद्धेचा प्रश्न लगेच घराण्याचा होतो. आजीला काय करता येईल ते आधी सांगा: गोष्टी सांग, तुझ्याबरोबर देवळात किंवा चर्चमध्ये ने, तुझी प्रार्थना शिकव. मग नकाराच्या तीन गोष्टी, आवाज न चढवता: आम्हाला न सांगता कुठलाही विधी करायचा नाही, देवाची भीती घालायची नाही, आणि त्याच्या आईच्या किंवा बापाच्या धर्माबद्दल वाईट बोलायचं नाही. गुपचूप केलेला बाप्तिस्मा किंवा गुपचूप बांधलेला गंडा कधी ना कधी उघड होतोच, आणि त्यानंतर आजीच्या हाती नातवंड सोपवताना मन कचरतं. तेव्हा हे बाळ येण्याआधीच बोला. बाळंतपणाच्या धांदलीत अशी बोलणी नेहमी बिघडतात.

भांडण झालंच तर? मुलांसमोर मतभेद झाला म्हणून लगेच काही बिघडत नाही. मार्क कमिंग्ज या संशोधकाने अनेक वर्षं पालकांच्या भांडणांचा मुलांवर होणारा परिणाम अभ्यासला, आणि त्यात वारंवार दिसलं की धुमसत राहिलेलं, न मिटलेलं भांडण मुलांना जास्त जाळतं. मिटलेलं दिसलं की त्यांचा ताण बराच उतरतो. तेव्हा मुलांसमोर वाजलं असेल तर मिटलेलंही त्यांच्यासमोरच दिसू द्या. मूल आईजवळ एक आणि बाबांजवळ दुसरंच बोलायला लागलं, एकाबरोबर केलेली प्रार्थना दुसऱ्यापासून लपवायला लागलं, तर मात्र ते दोघांना सांभाळायच्या कामाला लागलंय असं समजा आणि थांबून आधी आपसात बोला. गरज वाटली तर कुणाची तरी मदत घ्या.

तेरा-चौदानंतर निवड खरंच सुरू होते, आणि तिथे एका पालकाला दुःख होतं. मुलगी एकाच वाटेने गेली तर दुसरा म्हणतो, "इतकी वर्षं मी शिकवलेलं वाया गेलं." दोन्ही नाकारली तर दोघंही. हे दुःख खरं असतं, ते जोडीदाराजवळ बोला. मुलीच्या खांद्यावर टाकू नका. तिने काय सोडलं हे मोजत बसण्यापेक्षा ती काय जपतेय ते विचारा. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं मोकळेपणाने बोलणं झालेलं असतं ती मुलं याचं उत्तर देतात, आणि बऱ्याचदा ते उत्तर आई-बाप दोघांनाही ओळखीचं वाटतं.

तुमच्या पत्राच्या शेवटी शाळेच्या अर्जातल्या धर्माच्या रकान्याबद्दल विचारलंय. तुमच्याकडच्या नियमात तो रिकामा ठेवता येत असेल किंवा दोन्ही लिहिता येत असतील तर तसं करा. एकच लिहावा लागत असेल तर दोघांनी मिळून लिहा आणि मुलीला वाचता येऊ लागल्यावर ते का लिहिलं हे स्वतः सांगा, तिने ते कुठल्या कागदावर शोधून काढायच्या आधी. दुसऱ्या बाळाच्या वेळीही तोच लिहा. सख्ख्या भावंडांच्या दाखल्यांवर दोन वेगळे धर्म असले की त्याचं स्पष्टीकरण पुढे त्या मुलांनाच देत बसावं लागतं.